खांद्याचे दुखणे आणि स्नायूंचे मोजमाप

आपल्या ट्रस्टच्या वैद्यकीय साहाय्य समितीच्या एका बैठकीत एका वडीलधाऱ्या सभासदांनी मला एक प्रश्न विचारला. समोर एका कुटुंबाचा अर्ज होता व त्यात खांद्याच्या एमआरआय तपासणीसाठी मदत मागितली होती. ते म्हणाले, "डॉक्टर, खांदाच दुखतो आहे ना? एक्स-रे काढला, तो चांगला आला. मग एवढ्यावर का भागू नये? या महागड्या तपासणीने असे काय अधिक कळणार?"

प्रश्न रास्त होता. ट्रस्टचा पैसा देणगीदारांनी विश्वासाने आपल्या हाती सोपविलेला असतो, आणि तो खर्च करण्यापूर्वी असे प्रश्न विचारणारे सभासद आपल्यात आहेत हे संस्थेचे भाग्यच म्हटले पाहिजे. त्या दिवशी मी दोन वाक्यांत उत्तर दिले आणि अर्ज मंजूर झाला. परंतु माझे स्वतःचे समाधान झाले नाही. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी संपादकांनी लेख मागितला, तेव्हा तेच उत्तर सविस्तर द्यावे असे ठरविले.

असे ठरविण्यास एक खाजगी कारणही आहे. काही वर्षांपूर्वी आपल्यापैकीच एक निवृत्त शिक्षक (त्यांना आपण सारे गुरुजीच म्हणतो) गणपतीच्या मखराचे काम करताना स्टुलावरून पडले. उजवा हात वर जाईना. एक्स-रे काढून झाला होता. एका लग्नसमारंभात त्यांनी तो पिशवीतून काढून मला दाखविला. मी उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणालो, "गुरुजी, हाड शाबूत आहे, काळजी नको." गुरुजींनी ते शब्द प्रमाण मानले. शेक झाला, तेल झाले, लेप झाले. नऊ महिन्यांनी ते दवाखान्यात आले तेव्हा त्यांना सदऱ्याच्या बाहीत हात घालता येत नव्हता. मी म्हटले ते खोटे नव्हते. हाड खरोखरच शाबूत होते. पण तुटले होते ते दुसरेच काही, आणि त्याचा शोध घेण्याचे मला त्या मांडवात सुचले नाही. तो शोध कसा घ्यावयाचा आणि वेळेवर का घ्यावयाचा, हाच या लेखाचा विषय आहे.

खांद्याची घडण

आपल्या शरीरातील सर्वांत मोकळा फिरणारा सांधा म्हणजे खांदा. दंडाच्या हाडाचे वरचे टोक गोळ्यासारखे असते आणि पाठीवरच्या फऱ्याच्या हाडाला बाजूने एक वाटी असते. पण ही वाटी फारच उथळ. उथळ बशीवर मोसंबे ठेवावे तसा हा प्रकार आहे. बशी हलली की मोसंबे घरंगळणार. मग हात वर, खाली, मागे, पुढे फिरत असताना हा गोळा जागेवर राहतो कसा?

त्याला चार स्नायू जागेवर धरून ठेवतात. हे चारही स्नायू फऱ्याच्या हाडावर उगम पावतात. पुढे त्यांच्या पांढऱ्या, चिवट दोऱ्या होतात. या दोऱ्यांना आपण कंडरा म्हणतो. चारही कंडरा एकमेकींत मिसळून गोळ्यावर टोपीसारख्या बसतात. या टोपीला डॉक्टर मंडळी 'रोटेटर कफ' म्हणतात. मांडवाचा खांब उभा करताना चार माणसे चार बाजूंनी दोर ताणून धरतात, तेच काम हे स्नायू करतात. हात उचलण्याचा जोर बराचसा खांद्याच्या बाहेरच्या मोठ्या स्नायूचा, म्हणजे डेल्टॉइडचा. पण दोर धरणाऱ्यांनी गोळा मध्यावर राखला नाही, तर त्या जोराने हात वर जाण्याऐवजी गोळाच वर सरकतो.

या चौघांपैकी सुप्रास्पायनेटस नावाचा स्नायू फऱ्याच्या वरच्या खाचेत बसलेला असतो. लेखात पुढे त्याला आपण 'वरचा स्नायू' म्हणू. त्याची कंडरा हाडाच्या छपराखालून जाऊन गोळ्याच्या माथ्याला चिकटते. बहुतेक वेळा प्रथम तुटते ती हीच कंडरा. तिच्या मागच्या अंगाला इन्फ्रास्पायनेटस व टेरीस मायनर हे दोन स्नायू, आणि फऱ्याच्या आतल्या बाजूस सबस्कॅप्युलॅरिस, अशी ही चौकडी पुरी होते.

कंडरा तुटते ही गोष्ट वैद्यकाला नवी नाही. लंडनमध्ये जॉन ग्रेगरी स्मिथ यांनी 1834 मध्येच मृतदेहांच्या तपासणीत अशा तुटलेल्या कंडरांचे वर्णन केले होते. अमेरिकेतील बोस्टनचे शल्यवैद्य कॉडमन यांनी तुटलेली कंडरा शिवून जोडल्याचे 1911 मध्ये प्रसिद्ध केले आणि 1934 मध्ये खांद्यावर एक मोठा ग्रंथ लिहिला. तथापि रुग्णाच्या जिवंत देहात कंडरेमागचा स्नायू कोणत्या अवस्थेत आहे, हे चिरफाड न करता पाहण्याचे साधन त्या काळी नव्हते. क्ष-किरण हाडे दाखवितात. स्नायू आणि कंडरा त्यांत सावलीसारख्या मिसळून जातात. गुरुजींच्या एक्स-रेत मला काही दिसले नाही ते याचमुळे.

दोर तुटल्यावर स्नायूचे काय होते?

कंडरा तुटली म्हणजे ती परत शिवून टाकली की काम झाले, असे कोणासही वाटेल. कपड्याची शिवण उसवली तर आपण तेच करतो. पण कपडा शिवण उसवल्यामुळे बदलत नाही, स्नायू बदलतो.

पक्ष्याचे एक पीस डोळ्यांपुढे आणा. मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी तिरकस तंतू जोडलेले असतात. वरच्या स्नायूची रचना पुष्कळशी अशीच आहे. मधून कंडरा जाते आणि स्नायूचे तंतू तिला तिरकस येऊन मिळतात. हाडाला बांधलेले टोक सुटले की स्नायू आखडून आत ओढला जातो, तंतू आखूड होतात आणि अधिकच तिरपे होतात. मग तंतूंच्या जुड्यांमध्ये मोकळी जागा पडते आणि त्या जागेत चरबी भरू लागते. स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील मेयर, गेर्बर व त्यांचे सहकारी यांनी मेंढ्यांवर प्रयोग करून हे स्पष्टीकरण 2004 मध्ये मांडले. त्याच प्रयोगमालेत त्यांनी मेंढ्यांची सुटलेली कंडरा काही महिन्यांनी पुन्हा जोडून पाहिली. जोड बसली, तरी स्नायू पूर्वस्थितीला आला नाही.

येथे दोन निरनिराळ्या गोष्टी घडतात, आणि त्या वेगवेगळ्या ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली, स्नायू आकाराने कमी होतो. काम नाही म्हणून तो वाळतो. दुसरी, त्याचा कस बदलतो. स्नायूच्या जागी चरबी येते. पहिली गोष्ट व्यायामाने व कंडरा जोडल्याने काही अंशी भरून निघू शकते. दुसरी मात्र सहसा मागे फिरत नाही. अमेरिकेत ग्लॅडस्टोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी आणि शस्त्रक्रियेनंतर रुग्णांचे एमआरआय काढून तुलना केली व तिचे निष्कर्ष 2007 मध्ये प्रसिद्ध केले. कंडरा उत्तम जुळलेल्या रुग्णांतही स्नायूत शिरलेली चरबी कमी झाली नव्हती. आणि ज्यांच्या स्नायूत ती आधीच अधिक होती, त्यांच्या हाताला जोरही कमीच आला होता.

याचा व्यवहारातील अर्थ असा की, कंडरा किती फाटली एवढे कळून भागत नाही. तिच्यामागचा स्नायू किती उरला आणि कसा उरला, हे शस्त्रक्रिया ठरविण्यापूर्वी कळले पाहिजे. चरबीने भरलेल्या स्नायूला शिवलेली कंडरा पुन्हा सुटण्याचा संभव अधिक असतो. अशा ठिकाणी रुग्णाला शस्त्रक्रियेचा त्रास, खर्च आणि महिनोन् महिन्यांची पथ्ये सोसावयास लावून हाती थोडेच लागते.

चुंबकाचे यंत्र चित्र कसे काढते?

एमआरआय म्हणजे चुंबकीय अनुस्पंदनाने काढलेले चित्र. यात क्ष-किरण नसतात. दवाखान्यात सामान्यतः दिसणाऱ्या यंत्राची चुंबकशक्ती दीड टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकशक्तीच्या सुमारे 30,000 पट असते. आपल्या शरीरात पाणी व चरबी यांच्या रूपाने हायड्रोजन भरपूर आहे. हायड्रोजनच्या प्रत्येक अणूचे केंद्र चिमुकल्या भोवऱ्यासारखे वागते. मोठ्या चुंबकात हे भोवरे ठराविक गतीने डोलतात. दीड टेस्लाच्या यंत्रात ही गती सेकंदाला सुमारे 6 कोटी 40 लाख आवर्तने इतकी असते. त्याच गतीच्या रेडिओलहरी सोडल्या की ते त्या लहरी घेतात आणि लहरी थांबताच स्वतः क्षीण संदेश देऊ लागतात. तो संदेश पकडून, शरीराच्या कोणत्या बिंदूतून आला हे ठरवून, यंत्र चित्र तयार करते. अशी चित्रे काढण्याची वाट पॉल लॉटरबर यांनी 1973 मध्ये दाखविली. पीटर मॅन्सफील्ड यांनी ती पुढे नेली. या दोघांना 2003 सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

नेहमीच्या एका प्रकारच्या चित्रात चरबी पांढरी आणि स्नायू काळसर राखाडी दिसतो. त्यामुळे स्नायूत शिरलेली चरबी पांढऱ्या रेघांच्या रूपाने डोळ्यांनी पाहता येते. पण 'पाहता येणे' आणि 'मोजता येणे' यांत अंतर आहे. मोजण्याची एक सुंदर युक्ती डिक्सन या शास्त्रज्ञांनी 1984 मध्ये सुचविली. ती संगीताच्या जाणकारांना चटकन कळेल.

तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या म्हणजे त्यांचा आवाज एकदा भरतो, एकदा ओसरतो, असे आपण ऐकतो. दोन्ही तारांची कंपने क्षणभर जुळतात, क्षणभर एकमेकींविरुद्ध जातात. पाण्यातील हायड्रोजन आणि चरबीतील हायड्रोजन यांच्या डोलण्याची गती अशीच किंचित निराळी असते. दीड टेस्लाच्या यंत्रात हा फरक सेकंदाला सुमारे 220 आवर्तनांचा असतो. त्यामुळे सेकंदाच्या हजार भागांपैकी सुमारे सव्वादोन भाग उलटले की पाणी व चरबी एकमेकांविरुद्ध असतात. आणखी तितकाच वेळ गेला की पुन्हा जुळतात. डिक्सन यांची युक्ती एवढीच की, दोन चित्रे या दोन क्षणांना काढावयाची. जुळल्या क्षणी संदेशांची बेरीज मिळते, विरुद्ध क्षणी वजाबाकी.

पुढचे गणित शाळकरी मुलालाही येईल. समजा, स्नायूच्या एखाद्या बिंदूत बेरजेचा आकडा 100 आला आणि वजाबाकीचा 60. तर पाणी 80 आणि चरबी 20. म्हणजे त्या बिंदूत चरबीचा वाटा शेकडा 20. प्रत्यक्षात यात बऱ्याच दुरुस्त्या कराव्या लागतात व यंत्रे दोनाहून अधिक क्षणांची चित्रे घेतात. पण तत्त्व हेच. अशा रीतीने एका स्नायूतील हजारो बिंदूंचा हिशेब करून त्या स्नायूत चरबी शेकडा किती, हे आकड्यात सांगता येते.

माप कसे घ्यावयाचे?

आता दोन चित्रे कल्पनेने शेजारी शेजारी ठेवू. एक आपल्या गुरुजींचे. दुसरे एका बाईंचे. या घरोघरी पोळ्या करून संसार चालवितात. ओल्या फरशीवर पाय घसरून खांद्यावर पडल्या, आणि हात उचलेना म्हणून तिसऱ्या आठवड्यात तपासणीस आल्या. प्रारंभी ज्या अर्जाचा उल्लेख केला तो त्यांचाच.

खांद्याचा उभा छेद एका विशिष्ट जागी घेतला, तर फऱ्याचे हाड गलोलीच्या बेचक्यासारखे दिसते. बेचक्याच्या दोन फाट्यांमध्ये जी खाच, तीत वरचा स्नायू बसलेला असतो. फाट्यांची टोके जोडणारी एक सरळ रेघ ओढली की ती जणू मापाचा काठ झाली. निरोगी स्नायू या काठाच्या वर फुगून आलेला असतो, धान्याचे माप शिगोशीग भरावे तसा. स्नायू वाळला की तो काठाखाली जातो. ही साधी रेघेची खूण झुरिकच्या झानेट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये सांगितली. बाईंच्या चित्रात माप शिगोशीग होते. गुरुजींच्या चित्रात स्नायू काठाच्या बराच खाली, खाचेच्या तळाशी बसला होता.

याहून नेमके माप फ्रान्समधील थोमाझो यांनी 1996 मध्ये दिले. त्याच छेदात खाचेचे क्षेत्रफळ काढावयाचे आणि स्नायूचेही काढावयाचे. समजा, खाच 8 चौरस सेंटीमीटर आणि स्नायू 4 चौरस सेंटीमीटर. तर प्रमाण 0.5, म्हणजे निम्मे माप रिकामे. हे प्रमाण 0.6 च्या वर असेल तर स्नायू बरा समजतात, 0.6 ते 0.4 मध्ये मध्यम वाळलेला आणि 0.4 च्या खाली फार वाळलेला.

ही झाली आकाराची मापे. कसाचे माप म्हणजे चरबीचे. फ्रान्समधीलच गुटालिए यांनी 1994 मध्ये सीटी स्कॅनवरून त्याच्या पाच पायऱ्या लावल्या, आणि 1999 मध्ये झुरिकच्या डॉक्टरांनी त्या एमआरआयला लावून पाहिल्या. आज खांद्याच्या अहवालात 'गुटालिए ग्रेड' असे शब्द येतात ते यामुळे. शून्य म्हणजे चरबी नाही. एक म्हणजे काही चरबीच्या रेघा. दोन म्हणजे चरबी आहे, पण स्नायू अधिक. तीन म्हणजे दोन्ही बरोबरीने. चार म्हणजे चरबीच अधिक. तिसऱ्या पायरीपासून पुढे कंडरा शिवून जोर परत येण्याची आशा शल्यवैद्य सहसा थोडीच धरतात. बाईंची पायरी पहिली होती, गुरुजींची तिसरी.

मापांतील उणिवा

कोणतेही माप घेताना ते कोठे फसते हे माहीत असावे. पायऱ्या डोळ्यांनी ठरवावयाच्या असल्यामुळे एकच चित्र दोन तज्ज्ञांनी पाहिले तर एक 'दोन' म्हणतो आणि दुसरा 'तीन', असे घडते. डिक्सन यांच्या पद्धतीने काढलेला शेकडा आकडा येथे उपयोगी पडतो, कारण तो पाहणाऱ्याच्या अंदाजावर कमी अवलंबून असतो. मात्र प्रत्येक तपासणी केंद्रात ही मोजणी नेहमीच्या कामाचा भाग म्हणून केली जातेच असे नाही.

दुसरी फसगत अधिक सूक्ष्म आहे. छेद ठरलेल्या एकाच जागी घेतला जातो. पण कंडरा तुटल्यावर स्नायू आत सरकलेला असतो. म्हणजे पूर्वी ज्या जागी स्नायूचा जाड भाग होता, तेथे आता दुसराच भाग आलेला असतो. उलट, शस्त्रक्रियेत स्नायू पुन्हा बाहेर ओढला की दुसऱ्याच दिवशीच्या चित्रात तो भरलेला दिसू शकतो. एका रात्रीत स्नायू वाढत नसतो. केवळ जागा बदललेली असते. म्हणून शस्त्रक्रियेनंतरची सुधारणा मोजावयाची असेल तर नंतर लवकरच काढलेल्या चित्राशी तुलना करणे अधिक योग्य. एका छेदाऐवजी पुष्कळ छेद जोडून संपूर्ण स्नायूचे घनफळ काढले, तर ही चूक आणखी कमी होते. यास्तव जुनी फिल्म, सीडी व अहवाल कधीही टाकून देऊ नयेत. एका चित्रापेक्षा दोन चित्रांतील अंतर डॉक्टरांना पुष्कळ अधिक सांगते.

वेळेचा हिशेब

चरबी किती काळात शिरते? फ्रान्समधील शल्यवैद्यांनी 1,688 रुग्णांच्या नोंदी तपासून 2010 मध्ये याचे उत्तर दिले. वरच्या स्नायूत मध्यम प्रमाणात चरबी, लक्षणे सुरू झाल्यापासून सरासरी तीन वर्षांनी आढळली. अतिशय चरबी सरासरी पाच वर्षांनी. हे आकडे सरासरीचे आहेत. कंडरा मोठी फाटली असेल, एकाहून अधिक कंडरा तुटल्या असतील किंवा वय अधिक असेल, तर हा काळ पुष्कळ आखडतो. गुरुजींच्या बाबतीत पडण्यापूर्वीच कंडरा थोडीफार झिजलेली असावी असे मला वाटते. त्यामुळे मी त्या लग्नातच त्यांना तपासणीस पाठविले असते तर हात पूर्ववत झाला असता, असे मी म्हणत नाही. पण नऊ महिन्यांपूर्वी त्यांच्यापुढे निवड करावयास एकाहून अधिक मार्ग असते. ती निवड त्यांच्याकडून हिरावली गेली, एवढे खरे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख वाचून उद्या सारेच एमआरआयच्या रांगेत उभे राहतील. वयानुसार कंडरा झिजते आणि पुष्कळांची ती काहीही न दुखता फाटलेली असते. अमेरिकेत सेंट लुईस येथे यामागुची व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका बाजूचा खांदा दुखणाऱ्या 588 रुग्णांचे दोन्ही खांदे तपासले व 2006 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांची कंडरा कोठेच फाटली नव्हती त्यांचे सरासरी वय सुमारे 49. एका बाजूस फाटलेल्यांचे सुमारे 59. आणि दोन्ही बाजूंस फाटलेल्यांचे सुमारे 68 वर्षे. म्हणजे पांढऱ्या केसांसारखेच हेही काही अंशी वयाचे लक्षण आहे. शिवाय न पडता, न झडता, हळूहळू फाटलेल्या कंडरेला व्यायामाने चांगला उतार पडतो. अमेरिकेतच अशा 452 रुग्णांना शिस्तीने व्यायाम दिला गेला. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत दोन वर्षांच्या काळात शस्त्रक्रिया करून घेणारे एकचतुर्थांशाहून थोडे होते.

तेव्हा तपासणी कोणी लवकर करावी? मुख्यतः ज्यांचा हात एखाद्या अपघातानंतर एकाएकी दुबळा झाला त्यांनी.

कुटुंबीयांनी काय ध्यानात ठेवावे

घरात कोणी पडले आणि त्यानंतर हात वर जात नसेल, तर एक्स-रे चांगला आला म्हणून थांबू नये. आठवडा-दोन आठवड्यांत जोर परत आला नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञांस दाखवावे. चाळिशी उलटलेल्या माणसाचा खांदा निखळला असेल, तर तो बसविल्यावरही कंडरेची तपासणी करून घ्यावी, कारण या वयात त्याबरोबर कंडरा फाटल्याचे पुष्कळदा आढळते.

खांदा आखडणे आणि कंडरा तुटणे यांत घरच्या माणसांची गल्लत होते. ढोबळ खूण अशी : आखडलेला खांदा दुसऱ्याने उचलू म्हटले तरी उचलत नाही. कंडरा तुटलेली असेल तर दुसऱ्याच्या आधाराने हात पुष्कळदा वर जातो. पण आधार सोडला की स्वतःच्या जोराने तो तेथे राहत नाही. मधुमेह असलेल्यांत खांदा आखडणे अधिक आढळते. ही खूण केवळ ओळखीपुरती आहे, निदान डॉक्टरांनीच करावे. कंडरा फाटली आहे की नाही एवढेच पाहावयाचे असेल तर जाणत्या हाताने केलेली सोनोग्राफीही चांगले काम देते व खर्च कमी येतो. मागचा स्नायू नीट मोजावयाचा असेल तेव्हा एमआरआय लागतो.

एमआरआयला जाताना शरीरात पेसमेकर, कानात बसविलेले यंत्र, मेंदूतील रक्तवाहिनीची क्लिप, पूर्वीच्या शस्त्रक्रियेतील धातू किंवा डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण असेल, तर ते आधी सांगितलेच पाहिजे. घड्याळ, श्रवणयंत्र, पिना, मंगळसूत्र, बांगड्या बाहेर काढून ठेवाव्यात. बोटात रुतलेली जोडवी निघत नसतील तर तसे सांगावे, लपवू नये. आत अर्धा तास स्थिर पडून राहावे लागते आणि यंत्र फार मोठा आवाज करते. त्याची भीती बाळगू नये. हात हलला तर चित्र हलते आणि मोजमाप बिघडते.

अहवाल हाती आल्यावर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत. कंडरा किती फाटली व किती आत सरकली? स्नायूने खाच किती भरली आहे? आणि चरबीची पायरी कोणती? या तीन उत्तरांवरून शस्त्रक्रियेचा विचार करावा की व्यायामाचा, हे समजून घेणे सोपे जाते.

पोळ्या करणाऱ्या त्या बाईंची कंडरा पुढे शिवली गेली. सहा आठवडे हात झोळीत, मग कित्येक महिने व्यायाम. त्या काळात त्यांच्या घरी ट्रस्टतर्फे धान्य पोहोचविण्याची व्यवस्था महिला मंडळाने केली, तिचाही या बरे होण्यात वाटा आहे. आज त्या पुन्हा कामावर जातात. मात्र कणकेचा मोठा डबा फडताळावरून त्या स्वतः काढीत नाहीत. गुरुजींना शस्त्रक्रियेत फारसे हाती लागणार नव्हते, म्हणून डेल्टॉइडचे आणि उरलेल्या स्नायूंचे व्यायाम दिले. वर्षभरात हात छातीपर्यंत येऊ लागला. फळ्यावर लिहिता येत नाही, पण टेबलावर लिहिता येते. या स्मरणिकेतील काही लेखांची मुद्रिते त्यांनीच तपासली आहेत.

समितीपुढे माझी एक विनंती आहे. आपली बैठक तीन महिन्यांनी भरते. पडल्यानंतर हात दुबळा झालेल्या माणसाचा अर्ज त्या तारखेची वाट पाहत राहू नये. अशा तपासणीला दोन विश्वस्तांच्या सहीने मधल्या काळात मंजुरी देता येईल, असा नियम सुवर्णमहोत्सवी वर्षात व्हावा. आणि डॉक्टर सभासदांनीही, माझ्यासह, लग्नाच्या मांडवात कोणाचा एक्स-रे पाहून निर्णय देऊ नये, दवाखान्यात बोलावावे.